मान राखणे म्हणजे मान तुकवणे नव्हे

न्यायाधीश आत येताच कोर्ट उठून उभे राहते. वकील किंचित झुकतो, न्यायाधीशही मान लववून उत्तर देतात. अदब दुतर्फा असते, हे त्या क्षणातच दिसते. कायदाही तेच सांगतो. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम १६ नुसार न्यायाधीशही स्वतःच्या कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी ठरू शकतो.

शिष्टाचाराने वकिलाचे तोंड बंद होते, असा आक्षेप घेतला जातो. पण बार कौन्सिलचे नियमच वकिलाला लाचारी नको म्हणतात आणि सबळ कारण असल्यास न्यायाधीशाविरुद्ध योग्य ठिकाणी तक्रार करणे हे त्याचे कर्तव्य मानतात. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीने दोषी ठरवल्यावरही टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे ठणकावले. ते शब्द आज तिथेच संगमरवरावर कोरलेले आहेत. ठाम बोलण्याला उर्मटपणा लागत नाही.