ठाणे खाडीतील रोहित व शैवाल

हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ठाणे खाडीच्या चिखलावर सहस्रावधी रोहित पक्षी (लोक त्यांना आता फ्लेमिंगो म्हणतात) माना उलट्या करून काही टिपताना दिसतात. ते मासे नव्हेत. यांत बहुसंख्य असलेला लहान रोहित चोचीच्या कडांवरील चाळणीतून पाणी गाळून मुख्यत्वे नीलहरित शैवाल व करंडक वनस्पती भक्षण करतो. त्याच्या पिसांचा गुलाबी वर्णही याच अन्नातील रंगद्रव्यांचा होय.

या शैवालाचे पोषण कशावर होते? काही अंशी तिवरांच्या गळलेल्या पानांवर. खेकडे ती कुरतडतात, जिवाणू कुजवितात, आणि त्यांतील नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळतात. परंतु भोवतालच्या शहरांचे सांडपाणीही हीच द्रव्ये विपुल आणते. आणि ठाण्याकडे खाडी अरुंद असल्याने ती त्वरित वाहून जात नाहीत. म्हणून रोहितांची गर्दी हे खाडीच्या आरोग्याचे प्रमाण मानणे घाईचे ठरेल. अतिरिक्त शैवाल मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. त्याची झळ पक्ष्याला तत्काळ लागत नाही. माशांना लागते, आणि पर्यायाने कोळ्यांच्या जाळ्यांना. ओल्या त्वचेतूनही श्वसन करणारी निवटी तेवढी चिखलावर तग धरते.

खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग २०१५ मध्ये रोहितांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाला. सीमेबाहेरील नाल्यांचे पाणी मात्र भरतीओहोटीबरोबर त्याच चिखलावर फिरते.