घाटावरून, घाटाखालून : बुलढाण्याची पायवाट

बुलढाणा शहर ज्या डोंगरमाथ्यावर वसलं आहे, तिथल्या पावसाला दोन वाटा फुटतात. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा या नद्यांनी पूर्णेत जातं, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात. त्याच माथ्याच्या दुसऱ्या अंगाला पडलेलं पाणी पैनगंगेला मिळतं आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला पोहोचतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. इथली माणसंही आपली ओळख त्यावरूनच सांगतात : आम्ही घाटावरचे, ते घाटाखालचे.

महाराष्ट्राला हा जिल्हा मुख्यतः शेगाव आणि लोणार या दोन नावांनी ठाऊक आहे. लोक गाडीने येतात, शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घेतात, लोणारचं सरोवर पाहतात आणि परततात. या दोन ठिकाणांच्या मधला आणि भोवतालचा प्रदेश मात्र पायी फिरल्याशिवाय उलगडत नाही. दोन डोंगररांगा, त्यांच्यामधलं काळ्या मातीचं खोरं, वाघाने स्वतः शोधलेलं जंगल आणि उल्केच्या आघाताने झालेलं विवर, एवढं वैविध्य एका जिल्ह्यात क्वचित सापडतं. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत पाहणं सोयीचं.

सातपुड्याचा पायथा आणि खारं पाणी

जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके सातपुड्याला टेकलेले आहेत. संग्रामपूरच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सागवान, सालई, धावडा, मोह आणि तेंदू यांच्या या पानगळीच्या रानाला लागून कोरकू, भिलाला आणि निहाल समाजाची गावं आहेत. निहाल लोकांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळात नेमकी बसवता आलेली नाही. शेजारच्या कोरकूतले आणि मराठीतले शब्द तिने भरपूर घेतले, पण तिचा गाभा वेगळाच राहिला. डच भाषाशास्त्रज्ञ क्यूपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आज ती बोलणारी माणसं जेमतेम दोन-अडीच हजार असावीत, आणि त्यांतली बरीच याच पायथ्याच्या वस्त्यांमध्ये राहतात. इथे चालणाऱ्याने डोंगराइतकंच माणसांकडेही लक्ष द्यावं.

पायथा सोडला की पूर्णेचं सपाट खोरं लागतं. कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा ही इथली पिकं. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आणि पाण्याचा निचरा होऊ न देणारी चिकणमाती यांमुळे इथल्या भूजलात क्षार साचले आहेत. अकोला आणि अमरावतीपर्यंत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा. विहीर भरलेली असते, पण तिचं पाणी पिववत नाही आणि पिकालाही मानवत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांनी इथली कित्येक घरं पोळली आहेत. चालणाऱ्याने या पट्ट्यात पिण्याचं पाणी सोबत ठेवावं आणि पावसाळा टाळावा, कारण ओली काळी माती पाऊल उचलू देत नाही. डिसेंबर-जानेवारीत, जमीन वाळलेली आणि हवा थंड असताना, हा प्रदेश चालायला फार सुंदर असतो.

ज्ञानगंगेचं रान

खोरं ओलांडलं की घाट सुरू होतो. मलकापूरकडून राजूर घाट, खामगावकडून बोथा घाट. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधल्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, १९९७ मध्ये घोषित झालेलं. सागवानाबरोबर अंजन, सालई, खैर, पळस आणि आपटा ही इथली झाडं. बिबट, तडस, नीलगाय म्हणजे इथली रोही, चौसिंगा हे प्राणी आहेतच, पण या रानाची खरी ओळख अस्वलांची. पलढगच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षीही उतरतात.

या जंगलाला सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र दिलं ते एका वाघाने. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. पावसाळ्याच्या तोंडावर तो स्वतःच्या हद्दीच्या शोधात निघाला. तेलंगणातला आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम अशी शेतं, नाले, रस्ते आणि गावकुसं ओलांडत, बहुतेक रात्रीच चालत, वर्ष संपता संपता तो ज्ञानगंगेत पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांत तो जवळपास ३००० किलोमीटर चालला. भारतात नोंदल्या गेलेल्या वाघांच्या प्रवासांत हा सर्वांत लांबचा ठरला आणि जगाने त्याला ‘वॉकर’ हे नाव दिलं. ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य होतं, पाणी होतं, पण जोडीदारीण नव्हती.

या प्रवासातून एक गोष्ट सिद्ध झाली. टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांना जोडणारा धागा आजही पूर्ण तुटलेला नाही. ओढ्याकाठची झुडपं, गायरानं आणि पडीक टेकड्या यांच्या आधाराने प्राणी चालतात. सरकारी कागदावर ज्याला ‘पडीक’ म्हणतात, ती वाघाच्या लेखी वाट असते. म्हणून अभयारण्यात परवानगीशिवाय पायी शिरू नये. हा नियम अस्वलापासून आपला जीव वाचवतो आणि त्या प्राण्यांची उरलेली जागाही राखतो. अभयारण्याबाहेरच्या डोंगरधारा, सीताफळाने भरलेले उतार आणि गुराख्यांच्या वाटा चालणाऱ्याला पुरेशा आहेत.

पैनगंगेच्या काठाने

बुलढाणा तालुक्यातल्या मढ गावाजवळ पैनगंगा उगम पावते. तिथून ती येळगावच्या धरणात येते, जे बुलढाणा शहराला पाणी देतं, पुढे चिखली तालुक्यातून मेहकरकडे वळते आणि पेनटाकळीला पुन्हा अडवली जाते. या काठाने चालताना नदी मोठी होत जाताना दिसते. आधी डोंगरातला ओहळ, मग डोहांची साखळी, मग रुंद पात्र. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती आहे, १८८८ मध्ये जमिनीखालून मिळालेली. बारकाईने कोरलेल्या त्या मूर्तीपुढे थांबायला वेळ हाताशी ठेवावा.

मेहकरहून दक्षिणेला एका दिवसाच्या चालीवर लोणार आहे. बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ते ज्वालामुखीचं मुख मानलं जात होतं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच इथल्या खडकांत आढळली आणि वाद मिटला. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरचा खडकही बेसॉल्टचाच, म्हणून तिथली विवरं समजून घेऊ पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना लोणारला यावं लागतं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. काठावरून फोटो काढून परतू नका. गोड्या पाण्याच्या धारेच्या बाजूने खाली उतरा, कमळजा देवीच्या देवळापर्यंत रानातून चाला. ही धार आणि खारं सरोवर यांच्यातलं अंतर पायांनाच कळतं.

बीज आणि द्राक्षं

जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा आहेत. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा राजवाडा आणि त्यांच्या काळातला मोती तलाव अजून उभे आहेत. या कमी पावसाच्या भागात शेडनेटखाली भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. टोमॅटो, मिरची यांच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे परागकण हाताने लावायचे, हे नाजूक काम बहुतेक बायकाच करतात. त्याला इथे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. हे बियाणं मुख्यतः जालन्याच्या कंपन्यांकडे जातं.

द्राक्षमळे पाहायचे तर सिंदखेडराजाहून जालन्याच्या वाटेला लागावं. शेजारच्या जिल्ह्यातल्या कडवंचीने १९९० च्या दशकात पाणलोटाची कामं केली, माती-पाणी अडवलं, पुढे शेततळी खोदली आणि दुष्काळी माळावर द्राक्षं उभी केली. आधी पाणी, मग बाग, हा क्रम ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने हे शिवार चालून पाहावं.

जिथे चालणं नवं नाही

अशा वाटा जोडून पायवाट आखता येते. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठाने जंगलं, द्राक्षमळे आणि जुने किल्ले जोडणारी ‘ऱ्हाईनश्टाइग’ ही ३२० किलोमीटरची पायवाट २००५ मध्ये खुली झाली. त्यासाठी नवा रस्ता बांधला नाही. असलेल्या वाटा जोडल्या, खुणा केल्या, मुक्कामाची गावं ठरवली.

बुलढाण्यापाशी याहून मोठं भांडवल आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला सातशेहून अधिक किलोमीटर पायी जाते, आणि परतीला सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव असा जिल्हा दक्षिणोत्तर ओलांडते. म्हणजे तीही हाच माथा चढून घाटाखाली उतरते. चालून आलेल्या माणसाला पाणी, भाकरी आणि ओसरी द्यायची, हे इथल्या गावांना शिकवावं लागत नाही.

म्हणून पैनगंगेच्या काठाने मढ ते मेहकर आणि पुढे लोणार ही वाट ग्रामपंचायती, वनविभाग आणि गिर्यारोहण संस्थांनी मिळून आखावी. खुणेचे दगड, मुक्कामाची गावं आणि गावातलाच वाटाड्या, एवढं पुरेल. काँक्रीट नको, मोठे प्रकल्प नकोत. चालणारे आले की गावाच्या हाती चार पैसे पडतील, आणि ओढ्याकाठची झुडपं तोडण्यापेक्षा राखण्यात गावाचाच फायदा राहील. तोवर वाचकांनी वाट पाहत बसू नये. या हिवाळ्यात दोन दिवस काढा, एसटीने बुलढाण्याला या, गावातल्या जाणत्याला सोबत घ्या आणि चालायला लागा.