१०८ येईपर्यंत

पूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. माईसाहेब स्वतः डॉक्टर असल्याने उपचारांकडे लक्ष पुरवीत. आपल्या घरी बहुधा डॉक्टर नसतो. म्हणून १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे, हे प्रत्येकास ठाऊक हवे.

मधुमेहीला अचानक घाम सुटून थरथर होऊ लागल्यास, शुद्ध असेल तरच, तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

फिट आल्यावर आपल्या कांद्याच्या मुलखात आजही नाकाशी कांदा धरतात. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमते आणि श्रेय कांद्याला मिळते! रुग्णास दाबून न धरता कुशीवर वळवावे. पहिलीच फिट असल्यास किंवा ती पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ला कळवावे.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. विंचूरहून सीटी स्कॅनच्या सोयीपर्यंतचा प्रवासही त्यातच धरावा लागतो. म्हणून लक्षणे दिसल्याची वेळ लिहून ठेवून तत्काळ निघावे. ‘वारे गेले’ म्हणत अंगाऱ्यात वेळ दवडू नये.

कारण जाणून कृती करणे हीच तथागतांची शिकवण. करुणेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच ती जीव वाचविते.