वहाणेचा मान

सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळा कडक असतो. चैत्र-वैशाखात तेथे पारा ४० अंशांच्या वर चढतो. माळरानावरील खडे तापून निघतात आणि पाऊलवाटेवर बाभळीचे काटे विखुरलेले असतात. अशा भूमीवर अनवाणी चालणे ही परीक्षाच होय. परंतु निसर्गाची किमया पाहा! ज्या बाभळीचा काटा पायात रुततो, तिचीच साल त्या पायाचे रक्षण करणारी वहाण घडविण्यास उपयोगी पडते. ही वहाण म्हणजेच सर्वांच्या परिचयाची कोल्हापुरी चप्पल.

नाव कोल्हापुरी असले, तरी ही वहाण केवळ कोल्हापुरातच तयार होते असे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांतील कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या बनवीत आले आहेत. पूर्वी कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशा निरनिराळ्या नावांनी ती ओळखली जाई. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी या धंद्याला उत्तेजन दिले. पुढे कोल्हापूरच्या पेठेतून तिची कीर्ती दूरवर पसरली आणि त्या पेठेचेच नाव तिला कायमचे चिकटले.

दिसावयास ही वहाण साधी. पण तिच्या घडणीत मोठे ज्ञान साठविलेले आहे. कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते आणि नुसते वाळविले तर लाकडासारखे कडक होते. म्हणून प्रथम ते कमवावे लागते. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजत घातले म्हणजे त्यावरील केस सैल होतात. ते खरवडून काढल्यावर कातडे स्वच्छ धुतात आणि बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात मुरवितात. काही ठिकाणी कातड्याची पिशवी शिवून, तीत हा काढा भरून ती टांगून ठेवण्याचीही रीत आहे. काढा हळूहळू झिरपतो व कातड्याच्या अंगात भिनतो.

हा काढा नेमके काय करतो? हिरडा चाखून पाहिला असता जिभेला जी तुरट चव लागते, ती त्यातील टॅनिन नावाच्या द्रव्याची असते. हे द्रव्य कातड्यातील तंतूंना घट्ट बिलगते. मग सूक्ष्म जंतूंना ते तंतू सहजासहजी कुजविता येत नाहीत आणि कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे बनते. या कामाला कित्येक आठवडे लागतात. आजच्या कारखान्यांत क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार थोड्या वेळात उरकता येते. तथापि कारखान्याचे सांडपाणी नीट शुद्ध केले नाही, तर नद्या-नाले दूषित होतात. सालीने कमावलेल्या चामड्याला वेळ लागतो खरा, पण ते पायाच्या उबेने हळूहळू पायाचाच आकार घेते. म्हणूनच नवी असताना बोचणारी कोल्हापुरी वहाण काही दिवसांत पायाला सुखावह वाटू लागते. मात्र तिला पाण्यात भिजवू नये आणि अधूनमधून तेल द्यावे, हे जाणते लोक विसरत नाहीत.

चामडे हाती आल्यावर वहाणेची खरी घडण सुरू होते. तळासाठी म्हशीचे जाड चामडे घेतात, तर नाजूक कामासाठी शेळीचे पातळ चामडे वापरतात. रापीने तळ कापावयाचे, थर एकावर एक बसवावयाचे, टाच लावावयाची, आरीने भोके पाडावयाची आणि चामड्याच्या वादीने सर्व घट्ट शिवावयाचे, असा हा क्रम असतो. अस्सल वहाणेत लोखंडी खिळ्याला स्थान नाही. तळाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या चामड्याच्या तुकड्यांना ‘कान’ म्हणतात. कानांना जोडणारा पट्टा, अंगठा अडकविण्याची जागा, पट्ट्यावरील वेणी आणि शोभेचा गोंडा हे तिचे इतर अवयव. कापण्याचे व शिवण्याचे काम बहुधा पुरुष करतात, तर वेणी गुंफणे व नक्षी उठविणे ही कामे घरातील स्त्रिया करतात. एका जोडामागे असे साऱ्या कुटुंबाचे हात राबत असतात.

हे हात आणि वहाण घालणारे पाय यांची गाठ पूर्वी आठवड्याच्या बाजारात व यात्रा-जत्रांत पडत असे. वहाण कोठे चावते, हे घालणाऱ्यालाच ठाऊक असते. बाजारात शेतकरी आपली तक्रार कारागिराला समोरासमोर सांगे. कारागीर त्याचे पाऊल निरखून पाही, माप घेई, पट्टा सैल करी किंवा कान आवळून देई. गुराख्याला जाड तळ हवा, नवरदेवाला गोंड्याची हौस, तर कोणाला चालताना करकर वाजणारी वहाण प्रिय. अशा भेटींतून घालणाऱ्याला चोखंदळ दृष्टी येई व करणाऱ्याचे कसब वाढे. दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या जोडाला हे संभाषण ऐकू येत नाही.

अशा भेटीचे एक हृद्य रूप आजही सोलापूर जिल्ह्यात पाहावयास मिळते. आषाढी वारीसाठी आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे २५० किलोमीटर वाट चालून पंढरपुरास येते. धर्मपुरीजवळ ती सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही गावे मागे टाकते आणि वाखरीस पोहोचते. लाखो पावले चिखल व खडे तुडवीत चालत असतात. साहजिकच कोणाचा पट्टा तुटतो, कोणाचा तळ उसवतो. त्या वेळी वाटेवर चर्मकार बंधू आरी व वादी घेऊन बसतात आणि वारकऱ्यांच्या वहाणा विनामूल्य शिवून देतात. कोणी अन्नदान करतो, कोणी पाणी पाजतो. हे कारागीर आपल्या कसबाचे दान करतात.

परंतु ज्या हातांनी समाजाचे पाय सांभाळले, त्या हातांना समाजाने शतकानुशतके मान दिला नाही. ‘पायाची वहाण पायीच बरी’ ही म्हण वहाणेपुरती राहिली नाही. ती माणसांनाही लावण्यात आली. कातडी कमावणाऱ्यांना व वहाणा शिवणाऱ्यांना अस्पृश्य मानण्यात आले. त्यांनी केलेली वस्तू सर्वांना चाले, पण त्यांचा स्पर्श चालत नसे! याहून मोठा अन्याय कोणता?

या अन्यायाला विरोध करणारा एक थोर मेळावा याच परिसराशी निगडित आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याण येथे अनुभवमंटपाची स्थापना केली, असे परंपरा सांगते. सोलापूरचे ग्रामदैवत मानले जाणारे सिद्धरामेश्वर त्या मंटपात सहभागी झाले होते. तेथे कातडी कमावणारे कक्कय्या आणि वहाणा शिवणारे हरळय्या हे इतर शरणांच्या बरोबरीने बसत व बोलत. हरळय्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांनी एकदा बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हणून वंदन केले, तेव्हा बसवेश्वरांनी उलट दोनदा वंदन केले. हे ऋण कसे फेडावे, या विचाराने हरळय्या व त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या. बसवेश्वरांनी त्या पायांत घातल्या नाहीत. त्या त्यांनी मस्तकी धारण केल्या. पायाची वहाण अशी मस्तकी चढली आणि श्रमाचा मान किती थोर असतो, हे लोकांना कळले.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले व त्याने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले. कायद्याने माणसाला समान दर्जा दिला. आता त्याच्या कसबाला योग्य मोल मिळणे उरले होते. यंत्रावर बनलेल्या स्वस्त नकला ‘कोल्हापुरी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि खऱ्या कारागिराची कुचंबणा झाली. त्यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये या वहाणेला भौगोलिक मानांकन मिळाले. एखादी वस्तू विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट पद्धतीने तयार होत असेल, तर तिचे नाव इतरांनी वापरू नये, असे संरक्षण या मानांकनाने मिळते. सोलापुरी चादरीलाही असेच मानांकन आहे. कोल्हापुरी वहाणेच्या बाबतीत हा हक्क सोलापूरसह वर सांगितलेल्या आठही जिल्ह्यांचा आहे.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या प्रसिद्ध कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. तेथे कोल्हापुरीसारख्याच वहाणा झळकल्या. पण त्यांच्या मूळ कारागिरांचा उल्लेख मात्र नव्हता. भारतात लोकांनी याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. तेव्हा या वहाणांना भारतीय हस्तकलेची प्रेरणा आहे, हे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार केला. दोन्ही राज्यांतील कारागिरांच्या साहाय्याने सुमारे २००० जोड बनवावयाचे, असे त्यात ठरले.

वस्तूची कीर्ती जगभर पसरावी, यात गैर काहीच नाही; मात्र त्या कीर्तीबरोबर करणाऱ्याचे नाव व त्याच्या श्रमाचे मोलही पोहोचले पाहिजे. वहाण पायीच शोभते, हे खरे. पण ती ज्यांच्या हातांतून उतरते, त्यांचे स्थान पायाशी नसते. कारागिरापुढे पाऊल ठेवून माप देणाऱ्याने क्षणभर त्याच्या हातांकडे पाहावे. बाभळीच्या सालीचे गुण, कातड्याची जात आणि माणसाच्या पावलाची ठेवण, या तिन्हींचे ज्ञान त्या हातांत एकवटलेले असते.