तर्जनी : १४ टक्के

भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या छोट्या प्रेस शॉपमध्ये ‘बोट गेलं’ एवढंच म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. पुढचा प्रश्न असतो, कितव्या पेरापर्यंत?

काम दिसायला सोपं. पत्रा डायमध्ये सरकवायचा, पेडल दाबायचं, तयार नग उचलायचा. पण जुन्या, कीच्या क्लचवर चालणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये एकदा पेडल दाबलं की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. त्यामुळे अशा मशीनला सेन्सर बसवणं हा निव्वळ देखावा आहे. सेन्सरला हात दिसला तरी रॅम थोडाच थांबणार? तिथे डायभोवती बंदिस्त गार्डच लागतो. क्लचची की झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडू शकतो. अपघाताच्या कागदावर मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळं होता येतं. गार्ड कुणी काढला आणि तासाला किती नग मागितले जात होते, ते त्या कागदावर येत नाही.

भरपाईचा हिशेब १९२३ च्या कायद्यातल्या तक्त्याने होत आला आहे. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची ताकद १४ टक्के घटली, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९. करंगळीला ७, अंगठ्याला ३०. १५ हजार पगाराच्या, २५ वर्षांच्या कामगाराची तर्जनी या सूत्राने साधारण पावणेतीन लाखांची होते. पुढची पस्तीस वर्षं त्याला कोण कामावर ठेवणार, हे तक्ता विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९७५ मध्ये विचारलं. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराचं ते प्रकरण. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून हानी १०० टक्के, असा निकाल लागला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे.

कामगार ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेत असेल तर मालकावर हा बोजा येत नाही. उपचाराच्या काळात रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के आणि कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा रक्कम महामंडळ देतं. एकरकमी पैशापेक्षा हे खरं तर बरं. पण ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या ‘क्रश्ड’ अहवालांत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते : अनेक जखमी कामगारांच्या हाती ईएसआयचं कार्ड पडतं ते अपघात झाल्यावर. आणि मला सगळ्यात खटकतं ते वर्गणीचं. बोटं कापणाऱ्या कारखान्याची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि एकही अपघात न होणाऱ्या कारखान्याचीही तेवढीच. मग गार्डवर खर्च करणाऱ्याला कसला फायदा?

ईएसआय नसेल आणि ठेकेदाराने हात वर केले, तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. दाव्याची मुदत दोन वर्षांची. तोवर हजेरी आणि पगाराचे कागद जपलेले बरे, कारण बरेचसे दावे ‘हा आमचा माणूसच नाही’ या उत्तराशी येऊन अडतात.

नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सुरक्षेचं कर्तव्य मोडल्याने गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड, अथवा दोन्ही. त्या दंडातली किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला द्यायला न्यायालय सांगू शकतं. त्यासाठी खटला उभा राहायला हवा, आणि त्याआधी अपघाताची नोंद व्हायला हवी.