दूध संपलं की आठवतं

आपल्यातल्या कितीतरी जणी डेअरीला दूध घालतात. लोकांनी दूध जास्त प्यावं यासाठी काय करावं, हा प्रश्न अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेअऱ्यांनाही पडला होता. त्यांनी तो जेफ गुडबी आणि रिच सिल्व्हरस्टीन या दोन जाहिरातवाल्यांपुढे ठेवला.

ही जोडी गमतीशीर. गुडबी हार्वर्डसारख्या नावाजलेल्या विद्यापीठात शिकला, पण तिथे लिहायचा ‘लॅम्पून’ या विनोदी मासिकात. विद्यार्थीच ते चालवतात, आणि भल्याभल्या मासिकांची नक्कल करून त्यांची टर उडवतात. पुढे तो बॉस्टनला बातमीदार झाला. चित्रंही काढायचा. सिल्व्हरस्टीन न्यूयॉर्कला डिझाइन शिकला आणि ‘रोलिंग स्टोन’ या गाण्याबजावण्याच्या मासिकाची पानं सजवू लागला. असे दोघे स्थळ म्हणून आले असते, तर आपल्या आजीने विचारलंच असतं, “ते सगळं ठीक, पण बाबा, कामधंदा काय करतोस?”

दोघांची गाठ सॅन फ्रान्सिस्कोला हॅल रायनी या जाहिरातवाल्याच्या हाताखाली पडली. १९८३ मध्ये नोकरी सोडून त्यांनी अँडी बर्लिन या तिसऱ्या भागीदारासह स्वतःची एजन्सी काढली. बर्लिन पुढे बाहेर पडला, हे दोघे मात्र टिकले.

दुधाचं काम आलं १९९३ मध्ये. दर गॅलनमागे, म्हणजे साधारण पावणेचार लिटरमागे, ३ सेंट काढून डेअऱ्यांनी जाहिरातीचा पैसा उभा केला होता. आपल्या गटाच्या वर्गणीसारखंच. तोवरच्या जाहिराती सांगायच्या, दूध प्या, हाडं मजबूत होतील. लोकांना ते पाठ होतं, तरी दूध पिणं घटतच होतं.

मग एजन्सीने काही लोकांना आठवडाभर दूध न पिता राहायला सांगितलं आणि नंतर त्यांना बोलतं केलं. तेव्हा कळलं, घरात दूध असताना त्याची कुणाला आठवण नसते. पाहुणे दारात, चहाचं आधण चुलीवर आणि पातेलं रिकामं, तेव्हा आपलं काय होतं ते आठवा!

पहिल्या जाहिरातीत एक इतिहासवेडा माणूस दाण्याचं घट्ट लोणी लावलेला पाव खात असतो. इतक्यात रेडिओवाल्यांचा फोन येतो. प्रश्न सोपा, बक्षीस १०,००० डॉलर. उत्तर त्याला पक्कं ठाऊक, पण तोंडात चिकट घास, आणि दुधाचा डबा रिकामा! तो नुसता बुबु करत राहतो, वेळ संपते. मग पडद्यावर दोनच शब्द, ‘गॉट मिल्क?’, म्हणजे ‘दूध आहे का?’ ‘दूध चांगलं’ असं कुणी म्हणतच नाही. मला तर हे टर उडवणाऱ्या मासिकातल्या मुलालाच सुचावं असं वाटतं.

आपण पाकिटावर ‘उत्तम, घरगुती, पौष्टिक’ छापतो. शेजारचा गटही तेच छापतो. त्यापेक्षा आपला मसाला संपला की गिऱ्हाइकाच्या घरी काय अडतं, हे दोघी-तिघींना विचारून बघा. आमटीत काय कमी आहे म्हणून नवरा विचारतो का? जाहिरात तिथे सापडेल.

कॅलिफोर्नियात विक्रीची घसरण थांबली, विक्री वाढलीही. ती ओळ पुढे देशभर झळकली. तरीही नंतरच्या वर्षांत अमेरिकेत माणशी दूध पिणं कमीच होत गेलं. लोकांच्या सवयी बदलल्या, बाटलीतली इतर पेयं हाताशी आली.