पत्ता आणि त्याची मुदत

परळीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत धर्मशाळेचा मुनीम खोली देतो ती मुदतीपुरतीच. संगणकांच्या जाळ्यातील स्विचवर डीएचसीपी ही १९९३ सालची पद्धत चालू केली, की तोही आलेल्या प्रत्येक यंत्राला साठ्यातून मुदतीने पत्ता देतो. नेहमीच्या जाळ्यात असे पत्ते २५४. त्यांतून स्विचचा नि प्रिंटरचा कायमचा पत्ता आधी वगळावा. नाहीतर एकच खोली दोघांना! पण खरी गोम मुदतीत आहे. वाचनालयात घटकाभर टेकणाऱ्याच्या फोनला ८ दिवस दिले, तर तो गेवराईला पोहोचला तरी पत्ता अडकलेलाच. आणि परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुलगी ताटकळत राहते. आम्ही तेथे २ तासच ठेवू. निम्मी मुदत सरताच हजर असलेले यंत्र ती आपोआप वाढवून मागते. त्यामुळे बसलेल्याचे काही अडत नाही.